जुनी कौटुंबिक कादंबरी पुन्हा छापताना : हक्कांपासून अनुस्वारापर्यंत

माळा आवरताना एखादी जाडजूड कादंबरी हाती लागते. पुठ्ठा निखळलेला, पानं तांबूस, पहिली काही पानं गायब. सहज म्हणून मधलं पान उघडावं आणि तासभर तिथेच उकिडवं बसून वाचत राहावं, असं होतं. तीन पिढ्या, एक वाडा, माजघरातली कुजबुज, ओटीवरचे निवाडे. चौकशी केली की कळतं, हे पुस्तक बाजारातून नाहीसं होऊन साठ-सत्तर वर्षं झाली. मग वाटतं, आपणच छापावं.

छापावंच. पण आम्ही केलं तसं नको. आम्ही चौघांनी अशीच एक कादंबरी टाइप करून घेतली, शंभर प्रती काढल्या, ओळखीपाळखीत वाटल्या. महिन्याभराने एका वयस्कर वाचकांनी मूळ प्रत मागवून घेतली आणि शेवटच्या जाहिरातींच्या पानामागे चिकटून बसलेलं एक पान हलक्या हाताने सोडवून दाखवलं. ते शुद्धिपत्र होतं. वीस-बावीस दुरुस्त्या. एका प्रकरणात सासऱ्यांचं नाव चुकून दिराचं पडलं होतं, तेही त्यात होतं. लेखकाने स्वतः सुधारलेली चूक आम्ही शंभर वर्षांनी नव्याने छापली होती. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं त्या पानाने शिकवलं.

आधी हक्क

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ही साठ वर्षं मृत्यूच्या दिवसापासून मोजायची नाहीत, पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं झालं. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, तिथे प्रश्नच नाही. १९६५ साली गेलेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२६ पासून कोणीही छापू शकतं. उलट कोकणातल्या खोत घराण्याच्या चार पिढ्या उभ्या करणारे श्री. ना. पेंडसे २००७ साली गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांना २०६७ अखेरपर्यंत हात लावायचा नाही. पुस्तक किती जुनं दिसतं याला काही अर्थ नाही. १९२५ साली छापलेल्या कादंबरीचा लेखक त्या वेळी पंचविशीत असेल आणि नव्वदीपर्यंत जगला असेल, तर ती कादंबरी अजून वारसांचीच आहे.

इथे तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली म्हणजे टोपणनाव. ‘नाथमाधव’ हे नाव घेऊन बसलात तर काहीच सापडणार नाही. द्वारकानाथ माधव पितळे, मृत्यू १९२८, एवढं कळलं की काम झालं. खरं नाव कधीच उघड झालं नसेल, तर साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. दुसरी ठेच अनुवादाची. मूळ बंगाली कादंबरी मोकळी झाली तरी मराठी अनुवादकाचा हक्क वेगळा असतो आणि तो अनुवादकाच्या मृत्यूपासून मोजायचा असतो. तिसरी चित्रांची, आणि ती सगळेच विसरतात. आपट्यांच्या काळातल्या मजकुराला नंतरच्या एखाद्या आवृत्तीत दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असेल, तर दलाल १९७१ साली गेले हे लक्षात ठेवा; ते चित्र २०३१ अखेरपर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाही. हाच नियम नंतर कुणी जोडलेल्या प्रस्तावनेला आणि टिपांना. म्हणून मजकूर उचलायचा तो लेखकाच्या हयातीतल्या आवृत्तीवरून. दुकानात मिळणाऱ्या ताज्या आवृत्तीवरून उचललात तर दुसऱ्या संपादकाची मेहनत नकळत पळवली जाते, वर त्याच्या चुकाही आपल्या गळ्यात पडतात.

पुस्तक कोणतं, कधीचं

पहिली पानं नसलेल्या पुस्तकाची ओळख पटवायला शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’इतकं उपयोगी काही नाही. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. लेखक, वर्ष, पानं, आकार अशा नोंदी मिळतात. पानसंख्येवरून तुमची प्रत पुरी आहे की नाही हेही तिथेच कळतं. नोंद सापडली नाही तर पुस्तक नव्हतंच असं समजू नका. दुसऱ्या शीर्षकाखाली असू शकतं.

शीर्षकपान शाबूत असेल तर साल बहुधा शक असतं. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. नुसतंच ‘शके १८१५’ असेल तर १८९३-९४ असं दुहेरी लिहावं, उगाच एक साल ठोकून देऊ नये. सन १८६७ च्या २५व्या आक्टाप्रमाणे पुस्तक नोंदलं आहे, अशा अर्थाची ओळ पुष्कळ जुन्या पुस्तकांत असते. या कायद्यामुळे मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या सरकारी याद्या तयार होत गेल्या. काही वेळा पुस्तक हरवतं, पण यादीतली ओळ राहते.

मग दुसरी प्रत शोधायची. एका प्रतीवरून कधीही छापू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय त्याहूनही जुनं. जुन्या गावच्या वाचनालयांत कादंबऱ्यांची कपाटं सर्वात झिजलेली असतात, कारण वाचली गेली तीच. जाताना शीर्षक, लेखक आणि अंदाजे साल कागदावर लिहून न्या, आणि ‘फक्त पाहायचंय, घरी न्यायचं नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगा. ग्रंथपालांचा चेहरा बदलतो, हा अनुभव आहे. इंटरनेट अर्काइव्हवरही बरीच मराठी पुस्तकं आहेत, पण तिथल्या स्कॅनमध्ये एखादं पान दोनदा आणि त्याच्या पुढचं एकदाही नाही, असं होतं. पानांचे आकडे शेवटपर्यंत मोजून बघा.

पानं हरवतात तीही हिशेबाने. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापलं जातं आणि क्राऊन किंवा डेमी आकारात एक फर्मा बहुधा सोळा पानांचा. शिलाई सुटली की अख्खा फर्मा गळतो. ९६ नंतर एकदम ११३ आलं तर सोळा पानं कुठेतरी एकत्रच आहेत असं धरा. आमच्या एका पुस्तकाचा फर्मा त्याच कपाटातल्या पंचांगात सापडला.

मासिकातली कादंबरी आणि पुस्तकातली कादंबरी

एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ कादंबऱ्या आधी नियतकालिकांतून क्रमशः आल्या. आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मध्ये येऊ लागली. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’मध्ये आली आणि १८९३ साली पुस्तक झालं. याचा अर्थ, मजकूर किमान दोनदा जुळवला गेला. मधे लेखकाचा हात फिरलेला असतो, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचाही.

यातला कोणता मजकूर छापायचा हा निर्णय आधी घ्या आणि लिहून ठेवा. माझं मत विचाराल तर लेखकाच्या हयातीतली शेवटची, त्याने स्वतः तपासलेली आवृत्ती. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखक ‘काही ठिकाणी फेरफार केला आहे’ असं सांगून जातो, ती ओळ शोधा. पण मासिकातली जुळणी फेकून देऊ नका. क्रमशः वाचणाऱ्याला मागचं आठवावं म्हणून केलेली उजळणी पुस्तकात कधी तशीच राहते, मग आजच्या वाचकाला वाटतं लेखक विसरभोळा होता. तळटिपेत ‘येथे मासिकातला अंक संपतो’ एवढं दिलं की तो घोळ मिटतो.

काळही शेजारी ठेवून पाहा. ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिका यमू, तिची कहाणी ‘करमणूक’मध्ये चालू असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचं संमतिवय दहावरून बारावर आलं. वाचक एका हातात वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात ‘करमणूक’ घेऊन बसलेला होता. अशा दोन ओळींची टीप दहा पानी प्रस्तावनेला भारी पडते.

कागद हाताळताना

लाकडाच्या लगद्याचा आम्लधर्मी कागद वयाबरोबर ठिसूळ होतो. कोपरा दुमडून बघू नका, तो हातात येईल. पुस्तक सपाट उघडायचं नाही; दोन उश्यांच्या बेचक्यात काटकोनाएवढं उघडून वरून फोटो काढायचे. सपाट काचेच्या स्कॅनरवर दाबलं की पाठीचा कणा मोडतो. सेलोटेप अजिबात नको. दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. कसर लागलेली दिसली तर ते पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे काम काढूच नये.

स्कॅन किमान ३०० डीपीआय, बारीक टाइप असेल तर ४००. काळं-पांढरं नको, करड्या छटांत घ्या, नाहीतर फिकट अनुस्वार पहिल्याच पायरीवर उडतात. कोऱ्या पानांचेही फोटो काढा. मालकाची सही, वाचनालयाचा शिक्का, मोडीत लिहिलेली एखादी ओळ, ‘चि. सौ. कां. हिस लग्नात भेट’ असा मजकूर हे सगळं तिथेच असतं. आणि शेवटची पानं. जाहिरातींच्या मागचीसुद्धा.

मजकूर संगणकावर

गूगल ड्राइव्हची किंवा टेसरॅक्टची अक्षरओळख आता मराठी बरीच वाचते, पण जुन्या खिळ्यांतला ‘झ’ आणि जुनं ‘अ’ तिला गोंधळात टाकतं. ‘घ-ध’ आणि ‘भ-म’ तर ठरलेले. पान खराब असेल तर सरळ टाइप करणं लवकर होतं. टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलंत तर ई-बुकच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

मशीनला आणि घाईतल्या माणसालाही न दिसणारी एक जोडी नीट पाहा : ‘र्य’ आणि ‘ऱ्य’. लग्नघराच्या वर्णनात ‘आचाऱ्यांस बोलावणें गेलें’ असं असेल आणि तुम्ही ‘आचार्यांस’ छापलंत, तर स्वयंपाकासाठी शंकराचार्यांना बोलावल्यासारखं होतं. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की सह्याद्रीत समुद्र येतो. अशा शब्दांची यादी भिंतीवर लावा आणि प्रत्येक ठिकाण मूळ पानाशी ताडून बघा.

अनुस्वार ठेवायचे की काढायचे

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि व्हायला हवीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्यातून गेले. त्याआधीची कादंबरी छापताना बहुतेक जण म्हणतात, ‘नव्या नियमांनी करून टाकू, पोरांना वाचता आलं पाहिजे.’ मग संगणकावर ‘शोधा आणि बदला’ चालवतात.

आता हे वाक्य बघा. उदाहरणापुरतं मीच रचलं आहे :

‘तें रडत रडत आंत गेलें, ते मात्र ओसरीवरच बसून राहिले.’

जुन्या लेखनात इथे काही शंका नाही. ‘तें… गेलें’ म्हणजे मूल. ‘ते… राहिले’ म्हणजे मामंजी, किंवा घरातलं कुणीतरी मोठं माणूस. आता नव्या नियमांनी लिहा :

‘ते रडत रडत आत गेले, ते मात्र ओसरीवरच बसून राहिले.’

मूल गेलं. एकच कर्ता उरला, किंवा दोन वडीलधारे, त्यातले एक रडताहेत. कौटुंबिक कादंबरीत हे वारंवार येतं, कारण तिथे सुनेने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, सासऱ्यांचंही नाही. सगळा कारभार ‘ते’, ‘तिकडून’, ‘स्वारी’ यांवर चालतो. नाव न घेण्याच्या त्या जगात कोण बोललं हे त्या एका टिंबावरून कळायचं. ते काढलंत की वाचक चाचपडतो आणि दोष लेखकाला देतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे : मूळ लेखन ठेवा. सुरुवातीला ‘वाचण्यापूर्वी’ म्हणून अर्ध्या पानाची सूचना द्या. पहिली दहा पानं अडखळायला होतं, अकराव्या पानापासून डोळा सरावतो. मी हे कॉलेजातल्या मुलामुलींवर करून पाहिलं आहे.

तरीही शाळेसाठी वगैरे नवं लेखन हवंच असेल, तर बदल दोन ढिगांत करा. ‘नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं’ यांचे अनुस्वार एकदम काढता येतात, धोका नाही. दुसरा ढीग हाताने. जुन्या पद्धतीत ‘घरांत’, ‘हातांत’ असं एकवचनालाही अनुस्वाराने लिहीत. आज ‘घरात’ एकवचन, ‘घरांत’ अनेकवचन. तेव्हा ‘हातांत पत्र’चं ‘हातात पत्र’ करायचं, पण ‘हातांत बांगड्या’ तसंच ठेवायचं. ‘डोळ्यांत पाणी’ही तसंच. ‘तें-ते’ प्रत्येक ठिकाणी वाचून ठरवायचं, आणि अर्थ सांडत असेल तर सर्वनामाऐवजी चौकटी कंसात नाम घालायचं. ‘कवि’, ‘गुरु’ यांची वेलांटी-उकार दीर्घ करा, पण विशेषनामांना हात नको. ‘हरि’ लिहिणाऱ्या माणसाला आपण ‘हरी’ करणारे कोण?

आणि गाळागाळ नको. ‘पाल्हाळ’ म्हणून वर्णनं कापणं, आज खटकतील अशी जातिवाचक किंवा बायकांविषयीची वाक्यं गुपचूप काढणं हे दोन्ही सारखेच वाईट. खटकणारं तसंच ठेवा, खाली टीप द्या. संक्षेप केलाच असेल तर मुखपृष्ठावर ठळक लिहा, आतल्या पानावर बारीक अक्षरांत नव्हे.

वंशावळ आणि शब्दांची यादी

तीन-चार पिढ्यांच्या कादंबरीला वंशावळ लागतेच. ती करताना वही घ्या आणि प्रत्येक पात्रासमोर चार रकाने आखा : पाळण्यातलं नाव, हाक मारायचं नाव, सासरचं नाव, नातं. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत असल्याने एक पिढी सोडून तेच नाव येतं. माधवाचा विनायक, विनायकाचा माधव. वर तात्या, अण्णा, नाना, बापू हे हाकेचे. लग्नात मुलीचं नाव बदललं की माहेरची माणसं एक नाव घेतात आणि सासरची दुसरं, आणि दोन्हीकडच्या बायका एका मांडवात जमल्या की एकाच पानावर ती दोन बायका वाटते. एकत्र कुटुंबात पोरं आईलाच ‘वहिनी’ म्हणत, कारण घरातले सगळे तिला तसंच म्हणायचे. टीप नसेल तर आजचा वाचक ती भावजय धरून चालतो.

वंशावळ सुरुवातीला छापाल तर तीत फक्त पहिल्या प्रकरणात हयात असलेली पिढी ठेवा. कोणाचं कोणाशी लग्न होणार हे आधीच फोडलं तर पुढे काय वाचायचं? पूर्ण वंशावळ शेवटी.

शब्दार्थांत सगळं कोंबू नका. माजघर, पडवी, आलवण, वपन, ऋतुशांती, बळद एवढे सांगावे लागतात. पैशांसाठी एक ओळ पुरते : एक रुपया म्हणजे सोळा आणे, म्हणजे १९२ पै. त्या काळचे पन्नास रुपये म्हणजे आजचे किती, हे गणित करू नका. त्याच कादंबरीत कारकुनाचा पगार किंवा मोलकरणीचा महिना दिलेला असतो, त्याकडे बोट दाखवा.

छपाई

शे-दीडशे प्रतींसाठी डिजिटल छपाई, पाचशेच्या पुढे ऑफसेट. पानं सोळाच्या पटीत बसवा. ३५० भरत असतील तर ३५२ करा, बावीस फर्मे पुरे होतात आणि उरलेल्या दोन पानांत टिपा जातात. नॅचरल शेडचा ७० जीएसएम कागद डोळ्यांना बरा. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, आणि अनुस्वार वेलांटीत किंवा रफारात बुडत नाही ना, हे छापून बघा. पडद्यावर सगळं छान दिसतं. प्रुफं तीनदा. त्यातलं एकदा दोघांनी बसून : एकाने मूळ पुस्तक मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हं आणि अनुस्वारांसकट, दुसऱ्याने नव्या पानावर बोट ठेवायचं. ‘तेंवर टिंब, गेलेंवर टिंब’ असं ओरडत आम्ही एक दिवाळीची सुट्टी घालवली आहे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. श्रेयपानावर कोणत्या आवृत्तीवरून छापलं, ती प्रत कुठे पाहिली, लेखनात काय बदललं हे तीन-चार ओळींत लिहा.

पुस्तक बाहेर पडलं की तीस दिवसांत १९५४ च्या कायद्याप्रमाणे एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोन्नेमारा ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला पाठवा. ज्या वाचनालयाने कपाट उघडून दिलं त्यांना दोन द्या, एक वाचायला आणि एक ठेवायला. आणि एक स्वतःच्या टेबलावर, पेन्सिलीसह. पहिली चूक पहिल्याच आठवड्यात सापडते. आमच्या दुसऱ्या पुस्तकात ती पान ४१ वर होती, आणि अनुस्वाराचीच होती.